दाराकडचा डबा

"आता?" गुलाबनं विचारलं.

देवाजी खुर्चीत डोळे मिटून बसला होता. समोर भिंतीशी त्याचा सेट. मधे डेक आणि ॲम्प्लिफायर, डाव्या हाताला खिडकीकडे एक स्पीकरचा डबा, उजव्या हाताला दाराकडे दुसरा. वरोऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनाच घेतलेला, पण साऱ्या गावात असा दुसरा नव्हता. टेप गेल्या हंगामातल्या नाटकाची होती. नटी केसरबाई पद म्हणत होती आणि साथीला देवाजीचाच ऑर्गन.

"दाराकडचा मेलाच हाय बापा," देवाजी म्हणाला. "खिडकीकडचा पाहा कसा खणखणीत वाजून राह्यला. वायरच खराब. दुसरं काई नाई."

गुलाबनं हातातल्या वायरीकडे पाहिलं. तो ब्रह्मपुरीला रेडिओ दुरुस्त करायचा. डेकपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या, लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरींची ही तिसरी जोडी. एक सेटसोबत आलेली, एक त्याच्या दुकानातली, आणि ही बोटाएवढी जाड, देवाजीनं नागपूरहून मागवलेली. तिन्हींचा निकाल एकच लागत होता.

देवाजी नाटक कंपनीचा ऑर्गनमास्तर. दिवाळी झाली, धान कापून झालं, की झाडीच्या मुलखात गावोगाव मंडप उभे राहायचे, आणि मंडपात रंगमंचापुढच्या खड्ड्यात ऑर्गनवर देवाजी. त्याच्या उजव्या हाताला खांब आणि खांबावर भोंगा. सारी हयात त्या भोंग्याखाली गेली. सूर चुकलेल्या नटाला तो चारचौघांत सुनवायचा, नाचता येईना अंगण वाकडं. नट खाली मान घालायचे, कारण मास्तरचा कान म्हणजे कान. यंदा मात्र दसरा उलटून गेला तरी कंपनीकडून कोणी सुपारी घेऊन आलं नव्हतं. उशीर झाला असेल, असं देवाजी सगळ्यांना सांगायचा आणि पुन्हा वायरींच्या मागे लागायचा.

गुलाबनं लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. वायरीत दोष असता तर तो आता खिडकीकडे गेला असता. गेला नाही. मग त्यानं डबेच उचलून इकडचे तिकडे ठेवले. तरी देवाजीचं बोट दाराकडेच. आता दार तेवढं बदलायचं राहिलं होतं.

"एकाच माइकवर भरलेली टेप हाय मास्तर," गुलाब हळूच म्हणाला. "दोन्ही डब्यांतून सारखीच येते."

"मंग मी का खोटं बोलून राह्यलो?"

गुलाबला दोन्ही डबे सारखेच ऐकू येत होते. चुलीपुढे देवाजीची बायको सीता सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. तिचा हात थांबला. रोज एक नवी वायर, रोज तीच परीक्षा. तिला आता ते बघवेना.

"अवो, खुर्ची फिरवून बसा," ती म्हणाली.

"काऊन?"

"बसा तं खरं. सेटाकडं पाठ करून."

"राहू द्या ना बाई," गुलाब घाईनं म्हणाला.

पण देवाजीनं खुर्ची फिरवली होती. गुलाबनं टेप मागे नेऊन पुन्हा लावली. केसरबाईनं पद उचललं आणि देवाजी ताडकन उठायच्या बेतात आला.

"सुरू झाला! दाराकडचा सुरू झाला, गुलाब! आयक, कसा..." तो हसत होता. मग त्यानं मान थोडी वळवली. "पण आता खिडकीकडचा गेला."

देवाजीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते पुसायचं त्याला सुचलंच नाही. गुलाब खाली बसून वायरी गुंडाळू लागला. जाड वायर नीट गुंडाळली जाईना, तेव्हा त्यानं ती तशीच डेकवर ठेवली आणि येतो म्हणून निघून गेला. टेप बंद करायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

सीता चहा घेऊन आली. ती देवाजीच्या उजवीकडून येत होती. खुर्चीला मागून वळसा घालून ती डाव्या बाजूला गेली आणि तिकडून कप पुढे केला.

देवाजीनं कप घेतला नाही.

"तिकडून येत होती ना तू? मंग इकडं काऊन आली?"

"सवय झाली," सीता म्हणाली.

गेल्या हंगामात केसरबाई देवाजीच्या उजवीकडच्या विंगेतून यायची आणि पद म्हणायला अख्खा रंगमंच ओलांडून डावीकडे येऊन उभी राहायची. तिकडे उजेड बरा पडतो, असं त्याला वाटलं होतं. त्यावरून त्यानं तिची थट्टाही केली होती आणि ती नुसती हसली होती.

"केसरबाईले ठाऊक होतं?"

सीतेनं कप जमिनीवर ठेवला. "साऱ्यायले ठाऊक होतं."

"मंग मले काऊन नाई सांगितलं कोणी?"

"तुमाले कोण सांगन? तुमी मास्तर."

देवाजीनं खुर्ची पुन्हा सेटाकडे फिरवली. मग त्यानं तळहातानं डावा कान गच्च दाबून धरला. टेपच्या चकत्या फिरत होत्या. सीता त्याच्याशी काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना त्याला दिसले.

"वायरी तिन्ही चांगल्या हायेत," तो म्हणाला.

स्वतःचं तेवढं बोलणंच काय ते त्याला आतून ऐकू आलं.