पदयात्रेतली एकटी बाई

दुपारची जेवणं आटोपली, तशी आई सवयीनं उठली आणि ताटं गोळा करू लागली.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई. खरकटं ताट दिसलं की तिचा हात आपोआप पुढं जायचा. शाळेच्या व्हरांड्यात चाळीस यात्रेकरू पाय पसरून बसले होते. चर्चच्या फादरांबरोबर डोंगरावरच्या मातेच्या देवालयापर्यंत आठ दिवस पायी जायचं होतं आणि आजचा दिवस पहिला. सगळे ठिकठिकाणांहून आलेले, कुणाची कुणाशी धड ओळख नव्हती. आई पहाटेच्या गाडीनं गावाहून आली होती, लेक शहरातून. लेकीबरोबर एकदा चालत जायचं, असं आई कित्येक वर्षं म्हणत होती. यंदा कुठं लेकीनं कॉलेजच्या ग्रंथालयातून रजा काढली होती. निघताना दोघींचं जेमतेम दोन शब्द बोलणं झालं. गुडघे माझेच, पण ऐकत नाहीत मेले, तू हो पुढं, असं म्हणून आई मागं राहिली होती.

लेक पुढं गेली ती एका डॉक्टरीणबाईंच्या आणि निवृत्त प्राध्यापकांच्या सोबतीला. सकाळभर पुस्तकांवर गप्पा रंगल्या होत्या. पुण्य देवाच्या हिशेबी आणि फोड आपल्या टाचेला, असं प्राध्यापक म्हणाले तेव्हा ती खळखळून हसली होती. आता पदर खोचून, बोटांनी उष्टं निपटत, आई एकेकापुढं वाकत येत होती.

"भांड्यांना बाई सोबत दिलीय, हे बरं केलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडची का हो? मघाशी तुमच्याकडं बघून हसली."

"नाही," लेक म्हणाली. "मी नाही ओळखत."

आई हातभर अंतरावर होती. तिच्या हातातली ताटांची चळत क्षणभर थबकली. मग ती वाकली.

"ताई, तुमचं ताट द्या."

लेकीनं ताट दिलं.

जन्मात कधी लेकीला अहोजाहो न केलेली ती बाई, संध्याकाळी नळावर गाठ पडली तेव्हा, तुम्ही आधी भरा, म्हणून बाजूला झाली. आजूबाजूला कुणीही नव्हतं. लेकीनं बाटली भरली आणि झाकण लावलं. मुक्कामावर सगळ्यांची ताटं आपसूक आईपुढं येऊन पडली. मावशी, कपही राहिलेत, असं कुणीतरी म्हणालं. उद्या सांगू, लेक स्वतःला बजावत राहिली. गंमत झाली म्हणू, हसण्यावारी नेऊ. शरमेला माणूस फार समजूतदारपणे मुदत देतं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला, चढावर, मागून निरोप पुढं सरकत आला: भांडीवाल्या मावशी पडल्या.

लेक आणि डॉक्टरीणबाई धावत उतरल्या. डॉक्टरीणबाई आधी पोचल्या. बराच वेळ त्या छाती दाबत राहिल्या, मग घाम पुसत मागं सरल्या आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

फादरांनी नोंदवही उघडली. घरी कुणाला कळवायचं, ते त्यांना बघायचं होतं. तो रकाना कोरा होता.

"काल संध्याकाळी विचारलं होतं मी," ते म्हणाले. "बरोबर कोण आहे म्हटलं, तर म्हणाल्या, एकटीच आलेय."

"बिचारी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कामाला म्हणून आली आणि..."

"कामाला नव्हत्या त्या," फादर म्हणाले. " नाव नोंदवून आल्या होत्या, तुमच्याआमच्यासारख्या."

कालपासून ताटं पुढं करणाऱ्यांपैकी कुणी मान वर करेना.

आईच्या एका पायातली चप्पल निघाली होती. लेक खाली बसली आणि ती पायात सरकवू लागली. पाऊल सुजलेलं होतं, चप्पल जाईना.

"राहू द्या हो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही कशाला?"

"काल तुम्ही मला विचारलंत," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज काढायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. "मी खोटं बोलले. ही माझी आई आहे. तिनं ऐकलं होतं."