वरच्या मजल्यावरचा पोपट

"आजच जागा खाली करायला सांगतो," म्हणत हे जिना चढायला लागले, तशी मीही पिठाचे हात पदराला पुसत मागोमाग निघाले. वरच्या भाडेकरीण बाईंचा पोपट वाटेल ते बोलतो, अशी ह्यांची तक्रार. तो आणखी काय बोलतो, ते मला माहीत होतं. म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता.

दार उघडताच गॅलरीतल्या पिंजऱ्यातून आवाज आला, "अक्कल आहे का तुला? गप्प बस!"

"ऐकलंत? असलं शिकवता त्याला?" हे कडाडले.

"काका, मी एकटीच राहते. कोणाला गप्प बसवणार?" बाई ओशाळून म्हणाल्या, "पिंजरा तुमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर आहे."

पोपटाचा आवाज हुबेहूब ह्यांचाच होता. ह्यांचा चेहरा उतरला.

मी घाईने ह्यांची बाही ओढली. "चला ना, तवा तापतोय." तेवढ्यात पोपटाने मान तिरकी केली आणि तो माझ्या आवाजात पुटपुटला, "एक दिवस निघून जाईन."

जागेचा विषय तिथेच राहिला. जिना उतरताना ह्यांनी कधी नव्हे इतक्या हळू विचारलं, "कुठे जाणार?"

ते मात्र मी स्वयंपाकघरातही अजून मोठ्याने बोलले नव्हते.