प्रमाण दिवा

सूर्यासारख्या तापणाऱ्या प्लाझ्मातला अतिनील प्रकाश मोजायच्या आधी प्रयोगशाळेत नुकतीच रुजू झालेली ती आपलं यंत्र प्रमाण दिव्यासमोर, म्हणजे नेमकं तेज आधीच ठाऊक असलेल्या दिव्यासमोर, ठेवून जुळवून घ्यायची, आणि दर वेळी आकडा कमीच यायचा. तिने आरसे पुसले, जोडण्या पुन्हा पुन्हा तपासल्या, संवेदकसुद्धा बदलला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. "हात बसायला वेळ लागतो एकेकाला," असं प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी वैतागून तिने शेजारच्या प्रयोगशाळेतून नवाकोरा प्रमाण दिवा मागून आणला. आकडा पहिल्या झटक्यात बरोबर आला. म्हणजे यंत्र ठणठणीत होतं. ज्याला सगळे प्रमाण मानत होते, तो जुना दिवाच मंदावला होता.

ती तडक सरांच्या खोलीत गेली.

"सर, दिवाच उतरलाय. त्याच्या भरवशावर आपण प्रत्येक मोजमाप वाढवून घेत आलो, म्हणून इतकी वर्षं छापलेले आकडे फुगलेले आहेत."

सरांनी आधी उठून दार लावून घेतलं.

"तुझ्या आधीचाही हेच म्हणत होता," ते शांतपणे म्हणाले. "तुझी ही नोकरीची जागा रिकामी कशी झाली, असं वाटतं तुला?"