गरिबीचा दाखला

"दाखला आणा, मावशी, मग घटस्फोटाचा अर्ज फुकट लिहून देते," धार्मिक न्यायालयाच्या मदत कक्षातली निस्फू म्हणाली. "गरिबीचा. सरपंचाच्या सही-शिक्क्याचा."

"अगं, सरपंच माझा नवराच आहे! त्याच्यापासूनच तर सुटायचंय मला."

निस्फूने भिंतीकडे पाहिलं. तिथल्या फलकावर लिहिलं होतं, 'आमची सेवा अठ्ठ्याण्णव टक्के परिणामकारक'. उरलेले दोन टक्के आज समोर येऊन बसले होते. "नियम आहे हो," ती पुटपुटली.

वार्तिनी उठली. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याने, दर्माजीने, शेजारच्या गावात दुसरा संसार थाटला. तेव्हापासून रस्त्याकडेला भात आणि तळलेलं टोफू विकून ती दोन मुली वाढवत होती. नवरा पोसत नाही, एवढंच न्यायालयाला पटवायचं होतं. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? दर्माजीविरुद्ध साक्ष द्यायला गावात एकही माणूस तयार नव्हता.

गावच्या कचेरीत खाकी गणवेशातला दर्माजी लवंगांची सिगारेट ओढत बसला होता. दाखल्याचा कोरा कागद बघून तो खो खो हसला. तो हसला म्हणून कारकूनही हसले.

"आली ना नाक घासत? माझ्यावाचून काय हाल होतात, ते कळू दे सगळ्यांना!"

'पोसणारा कोण?' या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'कोणीही नाही.' 'केव्हापासून?' 'सहा वर्षं.' मग ते कचेरीभर मोठ्याने वाचून दाखवलं आणि दणकन शिक्का मारला. वार्तिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निस्फूने मात्र तो कागद दोनदा वाचला. "अर्जाला याची प्रत लावते. मूळ कागद जिवापाड जपा, मावशी."

सुनावणीला दर्माजी कडक इस्त्रीचा बाटिक सदरा घालून आला. सोबत कचेरीतलेच तीन साक्षीदार. तिघांनी शपथेवर एकच पाठ म्हटला, "सरपंचसाहेब दर महिन्याला न चुकता घरखर्च पोचवतात."

न्यायाधीश वार्तिनीकडे वळले. "तुमच्या बाजूने कोणी साक्षीदार?"

दर्माजी गालातल्या गालात हसला.

वार्तिनीने पिशवीतून दाखला काढला आणि न्यायाधीशांपुढे उलगडून ठेवला.

"आहे ना, साहेब. आमच्या गावचे सरपंच."