मच्छराच्या नावानं नारळ

तेजरामच्या हातात नारळ होता. आपटाचा तेवढा बाकी होता.

आंगनात दंडारीची, नाचगान्याची मंडळी गोल बसली होती. तेजराम मंडळीचा म्होरक्या. मधात खाटेवर भैय्यालाल. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत हा लुगडं नेसून नाचे, तं बाया आपल्या पोरीले म्हनत, पाह्य, चालाचं कसं ते. आता त्याचे टोंगळे धरले होते, गुडघे वाकत नोहते. घोटे सुजून लोट्यावानी. सकाळी उठाले भिताचा आधार लागे.

"वय झालं, भैय्यादादा," तेजराम म्हने. "आमी का तुमाले हाकलून राह्यलो?"

मंडळीची रीत अशी, का जुन्या नाच्यानं आपले चाळ नव्याच्या पायात बांधाचे, मंग नारळ फोडाचा. एकदा नारळ फुटला, का चाळ नव्याचेच. वापस मांगता येत नाई. नवा नाच्या घनश्याम पाय पसरून बसला होता. भैय्यालाल दोरीची गाठ मारून राह्यला होता, पर बोटंबी आखडली होती.

"लवकर बांधा दादा, गुदगुल्या होतेत," घनश्याम म्हने.

कोनी हासलं नाई.

तेवढ्यात सत्यभामाबाई, भैय्यालालची बायको, फाटकातून आत आली. पवनीच्या दवाखान्यातून येऊन, एसटीतून उतरून धावतच आली असंन. पदर एकीकडे, पिशवी एकीकडे. परवा नवऱ्याले ओढत नेऊन हिनंच रक्त द्याले लावलं होतं.

"रिपोट पॉजिटिव आला," बाई म्हने.

तेजरामनं डोक्शावरची टोपी काढली.

"टोपी काहून काढता जी? मेलं नाई कोनी. चिकनगुनिया होय."

"ते मच्छराचं?"

"मच्छराचंच. डॉक्टरीनबाई म्हने, रोगासंग भांडाले रक्त आपले शिपाई तयार करते. अँटिबॉडी म्हनतेत त्यायले. नवे कोनते, जुने कोनते, तपासनीत समजते. यायच्या रक्तात नवे निंगाले. पोळ्याच्या वक्ती ताप नाई का आलता, त्याचंच हे दुखनं."

भैय्यालालनं मान वर केली. "मंग म्हातारपन नोहे?"

"म्हातारपनाची तपासनी नाई केली तिनं. पर टोंगळे मच्छरानंच धरले म्हने. महिना लागन, दोन लागतीन, सुटतीन."

भैय्यालाल असा हासला का खाट करकरली. मंग घनश्यामच्या पायातली गाठ सोडाले वाकला. बोटानं सुटेना. दातानं सोडली असती, पर पाय घनश्यामचा होता. सत्यभामाबाईनं सोडली.

"यंदा मंडईले तूच नाचजो," भैय्यालाल त्याले म्हने. "माह्यं लुगडं ने, मिरव. पर चाळ दुसरे पाह्य. हे माहे."

"अन् ह्या नारळाचं का करू?" तेजराम म्हने. "मंडळीचा नारळ वापस नाई नेत."

"फोड ना. मच्छराच्या नावानं फोड."

नारळ फुटला. खोबरं वाटून तेजरामनं ढोलकी जवळ वढली. सत्यभामाबाई चाळ नवऱ्याच्या पायात बांधाले बसली. घोटा सुजलेला, दोरी पुरेना. तिनं पिशवीचा बंद तोडून जोडला.

पाय काही उचलला नाई. भैय्यालालनं नुसता आंगठा हालवला.

एक घुंगरू वाजलं. तेजरामनं त्याच्यावरच ठेका धरला.