दीपगृहावरून हाक

दोन बंदुका, सात गोळ्या, एक मलमपट्टी. जिवंत माणसं तीन. फाटकाबाहेर मुडदे अकरा. त्यातले दोन रांगणारे.

"डावीकडून येतायत," स्ट्रातिस म्हणाला. पडद्यावर तो दीपगृहाच्या माथ्यावर उभा होता. खालचं अंगण फक्त त्यालाच दिसत होतं.

"काय?" लेफ्तेरिस आपल्या घरून हेडफोनमध्ये ओरडला.

"डावीकडून!"

"अरे, भंगारात घाल तो माईक. काही कळत नाही!"

तेवढ्यात डावीकडच्या झॉम्बीने लेफ्तेरिसला गाठलं. पाठोपाठ अस्पासियाही गेली.

"चला, पुन्हा पहिल्यापासून," ती म्हणाली. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेली बाई; मरतानाही तिचा आवाज चढत नसे.

स्ट्रातिसने चाळीस वर्षं ग्रीसमधल्या कवाला बंदराच्या बाजारात सार्डिन मासे विकले. त्याची हाक बंदरात शिरणाऱ्या होडीपर्यंत जायची. मग कंपवाताने आधी त्याचा हात धरला, नंतर आवाज. त्यातही गंमत अशी, की आपण हळू बोलतो असं त्याला मुळी वाटतच नसे. लोकच बहिरे झालेत, असं त्याचं म्हणणं. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी यंत्र लावून मोजलं. चौसष्ट डेसिबल.

"बाजारात हाक मारायची तर ऐंशी हवेत," त्या म्हणाल्या. "रोज मोठ्याने बोला. नाहीतर आहे तेही जाईल."

स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर 'आ' करायचा व्यायाम त्याने दोनदा केला. "मी काय गाढव आहे?" म्हणाला आणि सोडून दिला. कॉफीच्या दुकानात जाणंही थांबलं. तिथल्या गलक्यात त्याचं कुणाला ऐकूच येत नसे. गिऱ्हाइकाला हाक घालणारं कुणी नसेल तर ईस्टरनंतर बाजारातला मासळीचा गाळा सोडून देऊ, असं मुलगी आन्थीने सांगून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात त्याचा जुना दोस्त लेफ्तेरिसने हा खेळ शोधून काढला. अस्पासियाने घरी येऊन सगळं जोडून दिलं, माईक त्याच्या तोंडापासून पट्टीने मोजून बसवला. माईक रद्दी निघाला. दुसरा आणला, तोही तसलाच.

आज रविवारचं जेवण उरकून तिघं पुन्हा त्याच फाटकाशी आले होते.

"उजवी खिडकी उघडी आहे."

"मिशीत काय पुटपुटतोस, म्हाताऱ्या?"

"उजवी खिडकी!"

"कुठली?"

"उजवी! उजवी! कानात बोळे घातलेत का दोघांनी? मागे बघ, अस्पासिया! आता पळा! होडीकडे!"

दोघं खिडकीतून निसटले. स्ट्रातिस जिना उतरून धावत सुटला. मुडदे धक्क्यावर पोचले तेव्हा होडी पाण्यात होती आणि होडीत तिघंही होते. असं पहिल्यांदाच घडत होतं.

"पाहिलंत?" लेफ्तेरिस फुशारला. "शेवटचे दोन मी टिपले. याला म्हणतात नेम!"

स्ट्रातिस घाम पुसत खुर्चीत मागे रेलला. बायको शेजारीच लोकर विणत होती, तिलाही कळू नये इतक्या हळू तो स्वतःशीच पुटपुटला, "ह्याचा नेम! धक्क्यावरून थुंकला तर समुद्र चुकतो."

"कोण चुकतो रे? माझा समुद्र चुकेल?"



"लेफ्तेरिस," अस्पासिया म्हणाली, "गाढवा."

स्ट्रातिसने माईककडे पाहिलं. मग बायकोकडे. ती घाईघाईने टाके मोजायला लागली.

"म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं!"

रस्त्यापलीकडच्या सज्जात धुणं वाळत घालणारी बाई वळून बघायला लागली.

"एक्याऐंशी डेसिबल," अस्पासियाने आपल्या पडद्यावरचा आकडा वाचला.