'साक्ष'मधला ल

सकाळी ११.४० वाजता शेवटच्या वर्षाच्या टायपोग्राफीचे शेरे वाटले गेले. अनुजा गुंजाळने आपला कागद वाचला आणि वर्षभर घडवलेला 'साक्ष' हा फॉन्ट लॅपटॉपवरून कायमचा पुसला.

गेल्या आठवड्यातल्या चाचणीत 'साक्ष'मध्ये छापलेली 'बाहेर पाऊस आहे' ही ओळ वाचून चाळीस जण एप्रिलच्या उन्हात छत्र्या उघडून उभे राहिले होते. त्यात परीक्षक केळुस्कर सरही होते.

शेरा त्यांनी त्याच अक्षरांत छापला होता : 'या विद्यार्थिनीला अक्षराची नजर नाही.'

मैत्रीण रेहानाने कागद उलटा धरला. वाचायचं नसतं, फक्त वळणं तपासायची असतात, तेव्हा वर्गात सगळे असंच करतात.

"बयो, हा तुझाच फॉन्ट आहे. म्हणून तुला खरं वाटतंय."

"फॉन्ट कुणाचाही असो, सर खरं तेच बोललेत. उगाच समजूत काढू नकोस."

या फॉन्टच्या प्रभावावर उतारा एकच होता, त्याच अक्षरांत उलट वाक्य छापून तिला वाचायला देणं. फॉन्टची दुसरी प्रत फक्त महाविद्यालयाकडे होती. रेहानाने ती मागणारा अर्ज केला.

साडेतीनला छापील उत्तर आलं. घाईत तिने ते सरळच धरलं : 'अशी फाइल आमच्याकडे नाही.'

'फाइल'मधला ल दोन सारख्या पाकळ्यांचा होता, अनुजाचा. रेहानाने तो ओळखलाही. तरी तिने अर्ज मागे घेतला.

पाच वाजेपर्यंत महाविद्यालयाची नवी प्रवेशपुस्तिका 'साक्ष'मध्ये छापायला गेली होती, आणि अनुजाच्या महाविद्यालय सोडण्याच्या अर्जावर फक्त केळुस्करांची सही बाकी होती.